पंप चुकवून पेशीत शिरलेले औषध आत टिकते का?

प्रश्न : एम.फार्म. द्वितीय वर्ष

डॉक्सोरुबिसिन हे लालसर रंगाचे कर्करोगविरोधी औषध भरलेले पीएलजीए या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) नॅनोकण हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. साध्या डॉक्सोरुबिसिनला दाद न देणाऱ्या एमसीएफ-७/एडीआर या कर्करोगपेशी या कणांनी मात्र मरतात. पेशीपटलातला पी-ग्लायकोप्रोटीन हा प्रथिनाचा पंप औषध बाहेर फेकतो, परंतु कण एंडोसायटोसिसने, म्हणजे पटलाच्या पिशवीत गुंडाळले जाऊन, आत जात असल्यामुळे पंप चुकवला जातो, असे मी लिहिले होते. त्यावर मार्गदर्शकांनी, कणातून आत सुटलेले औषध पंप का फेकत नाही, असे विचारले आणि मी निरुत्तर झाले. शिवाय कणांतून औषध किती वेगाने सुटते हे पाहण्यासाठी ते डायलिसिस पिशवीत ठेवले, तर पिशवीबाहेरचे बफर दोन-तीन तासांतच लालसर होते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : औषधसूत्रण प्रयोगशाळा

आपल्या मार्गदर्शकांनी नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. जुलियानो आणि लिंग यांनी १९७६ मध्ये वर्णन केलेले हे प्रथिन एटीपी हे पेशीचे ऊर्जाइंधन खर्चून चालते आणि औषधाला पेशीपटलाच्या मेदस्तरातच पकडते. कण त्याच्या हाती लागत नाही हे खरे. पण कणातून सुटल्यावर उरते ते साधे डॉक्सोरुबिसिनच, आणि पटलाच्या आतल्या बाजूने ते पुन्हा त्याच पंपाच्या तावडीत सापडते. पंप फेकतो त्यापेक्षा अधिक वेगाने औषध आत सुटत राहिले, तरच केंद्रकापर्यंत पुरेसे पोहोचते.

बफर इतक्या लवकर लालसर होत असेल, तर बरेचसे औषध कणांच्या पृष्ठभागालाच चिकटलेले असावे. डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड पाण्यात विरघळते, त्यामुळे पीएलजीएत ते सहज कोंडले जात नाही. कण नीट धुऊन पुन्हा मोजावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रिकामे कण आणि मोकळे औषध एकत्र देऊन पाहावे. टीपीजीएस किंवा पॉलिसॉर्बेट ८० हे स्थिरक (कण एकमेकांना चिकटू न देणारे घटक) स्वतःच पंपाला रोखतात. या मिश्रणानेही पेशी मेल्या, तर श्रेय एंडोसायटोसिसचे नव्हे.

पेशींची एसटीआर तपासणीही (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) करून घ्यावी. एमसीएफ-७/एडीआर म्हणून वर्षानुवर्षे वापरलेल्या आणि पुढे एनसीआय/एडीआर-आरईएस असे नाव दिलेल्या पेशी स्तनाच्या नसून बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या, म्हणजे ओव्हीसीएआर-८ वंशाच्या निघाल्या होत्या.

उत्तर : कर्करोगतज्ज्ञ

वरील उत्तराशी मी सहमत आहे. रुग्णाच्या बाजूने एवढेच सांगतो की बशीतल्या पेशींवरून फार पुढचे निष्कर्ष काढू नयेत. पॉलिअल्किलसायनोअ‍ॅक्रिलेट या दुसऱ्या बहुवारिकाच्या कणांत भरलेले डॉक्सोरुबिसिन प्रयोगशाळेत पंपाला पुरून उरले होते. मात्र सोराफेनिब हे औषध घेऊन झालेल्या यकृताच्या कर्करोगात त्याने आयुर्मान वाढले नाही, असे २०१७ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दिसले. मुळात गाठीपर्यंत पोहोचणारा वाटाच तोकडा असतो : २०१६ च्या एका विश्लेषणात प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेल्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. दक्षिण कोरियात मान्यता मिळालेल्या जेनेक्सॉल-पीएम या पॅक्लिटॅक्सेल औषधाच्या नॅनोरूपाचा उघड लाभही त्यातून क्रेमोफोर हा विद्रावक हटवल्याचा आहे. आणि डीएनएची दुरुस्ती वाढल्यामुळे पेशी दाद देत नसेल, तर पंप चुकवून काहीच साधत नाही. आपल्या पेशींत रोध कशामुळे आहे, हे आधी ठरवावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांची मनःपूर्वक आभारी आहे. प्रयोगवही पाहिली; माझ्या कणांत स्थिरक टीपीजीएसच आहे. रिकाम्या कणांसोबत मोकळे औषध मी कधीच दिले नव्हते. सोमवारी तोच प्रयोग पहिल्यांदा लावते.