मदत हवी आहे: बेनिनमधील कोटोनू शहराच्या पॉली-रिदमो या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे कोणत्या गाण्यांपासून ऐकायला घ्यावीत?

गेले वर्षभर मी १९७०च्या दशकातील पश्चिम आफ्रिकी फंक (ठेक्यावर भर देणारे, मूळचे अमेरिकी नृत्यसंगीत) आणि आफ्रोबीट (फंक, जॅझ आणि आफ्रिकी तालांचा मेळ) मन लावून ऐकत आहे. सुरुवात अर्थातच नायजेरियाच्या फेला कुटी यांच्यापासून झाली. त्यांच्या ‘झॉम्बी’मध्ये गायन सुरू होण्याआधी बराच वेळ केवळ गिटार, पितळी वाद्ये आणि टोनी ॲलन यांचे ड्रम एकमेकांत गुंतत जातात, आणि तेवढाच भाग मी पुन्हापुन्हा लावतो. त्यानंतर घानाचे एबो टेलर ऐकले. त्यांच्या संगीतात हायलाइफ या घानातील लोकप्रिय नृत्यसंगीताचा गोडवा फंकमध्ये सहज मिसळलेला आहे.

आता मात्र मी बेनिनच्या ‘ऑर्केस्ट्र पॉली-रिदमो’पाशी अडलो आहे. मेलोमे क्लेमाँ यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या वाद्यवृंदाने वोदून या तिथल्या पारंपरिक धर्माच्या पूजाविधींतील सातो आणि साकपाता हे ताल फंकमध्ये आणले, पण त्यांची ध्वनिमुद्रणे इतकी विपुल आहेत की नवख्या श्रोत्याला वाट सापडत नाही. हे दोन ताल स्पष्ट वेगळे ओळखू येतील अशी त्यांची कोणती गाणी आधी ऐकावीत? आपल्या आवडीच्या दोन-तीन गाण्यांची नावे, ती का आवडतात यासह, कृपया कळवावीत. जुन्या तबकडीवरून घेतलेली, खरखर असलेली प्रतही मला चालेल.