तीन तालुक्यांत कंटेनरमध्ये मेल सर्व्हर: लाइट गेली तरी मेल हरवू नये, असं कसं बसवायचं?

पऱ्हाटी

शेतकरी उत्पादक कंपनीची तीन ऑफिसं आहेत: दारव्हा, दिग्रस, पुसद. मेलखाती ४०. प्रत्येक ठिकाणी एक जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, डेबियन (लिनक्स), डॉकर (प्रत्येक प्रोग्राम सुट्या कंटेनरात चालवणारं साधन). नेट रेडिओ-लिंकवरचं, पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नाही. लाइटीचं तर विचारूच नका. तिन्हीकडे पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा) आणि डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारा) यांचे कंटेनर चढवून रेप्लिकेशन, म्हणजे तिन्हीकडे सारखी प्रत, लावायचं, एमएक्स (मेल कुठे टाकायचा ते सांगणारी डीएनएस नोंद) तीन द्यायचे, असा बेत होता. पण नवी इमेज ओढली तर जुन्या कॉन्फिगवर डव्हकॉट सुरूच होऊन नाही राहिला. काऊन?

तिफण

भाऊ, डव्हकॉट २.४ मधून रेप्लिकेटर (रेप्लिकेशन करणारा भाग) काढूनच टाकला आहे. शिवाय २.३ चं कॉन्फिग २.४ वर चालत नाही. पहिल्या ओळीत कॉन्फिग व्हर्जन मागतं. इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग कधीच लावू नका, आकडा लिहा.

पण रेप्लिकेशन असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. बहुमतावर चालणाऱ्या तीन नोडच्या (मशीनच्या) क्लस्टरला दोन नोड जिवंत लागतात. दारव्हा आणि दिग्रसची लाइट एकदम गेली की पुसदचा धडधाकट डबाही हात वर करतो. म्हणजे एका जागी बंद पडणारं काम आपण तीन जागी बंद पाडायची सोय करतो.

वाटायची ती रांग, पेटी नाही. मेलपेट्या एकाच ठिकाणी, दारव्ह्यात. पुढे दोन वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये एकेक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या, १-२ जीबी रॅमचा. त्यावर फक्त पोस्टफिक्स, आरस्पॅमडी (स्पॅमची गाळणी) आणि अनबाउंड (स्वतःचा डीएनएस). दोघांना एमएक्स १०-१०, म्हणजे सारखंच प्राधान्य. दारव्ह्याशी वायरगार्डने (कूटबद्ध टनेल) जोडा, कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद. गावात लाइट नसली की मेल व्हीपीएसच्या रांगेत थांबतो. पोस्टफिक्स मुळातच ५ दिवस थांबतो. ते १० करा. व्हीपीएस घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडं आहे का, आणि पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावता येतो का. यातल्या एकालाही नाही म्हणाले तर पुढचा दुकानदार बघा.

वखर

तिफणभाऊंशी सहमत. पण लोक अडकतात ते बारीकसारीक जागी.

रांगेची डिरेक्टरी व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या जागेवर) हवी. नाहीतर ‘डॉकर कंपोज डाउन’ केलं की कंटेनरसोबत थांबलेले मेलही गेले. थांबवण्याची मुदत डॉकर मुळात १० सेकंदच देतो, मग सरळ मारतो. ती १ मिनिट करा.

ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कोणता मेल कुठे न्यायचा ती पोस्टफिक्सची यादी) दारव्ह्याचा टनेलमधला आयपी चौकटी कंसात लिहा. कंस विसरलात आणि तिथे आयपीऐवजी नाव असलं, तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधतो, तो स्वतःच निघाला की ‘मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ’ म्हणून मेल परत.

४० पत्त्यांची यादी दोन्ही व्हीपीएसवर ठेवा. नसली तर खोट्या पत्त्यांचा कचराही आत घेतला जातो, मग नकार तिसऱ्याच माणसाला जातो आणि तुमचा आयपी बदनाम होतो.

आता सगळ्यात वाईट. व्हीपीएसला आयपीव्ही६ आहे पण डॉकरच्या नेटवर्कला नाही, असं असलं की त्या वाटेने येणारा प्रत्येक जण पोस्टफिक्सला डॉकरच्याच गेटवेवरून, म्हणजे १७२.१८.०.१ सारख्या पत्त्यावरून आलेला दिसतो. विश्वासू नेटवर्कच्या यादीत ती रेंज असली की झाला ओपन रिले, म्हणजे कोणीही तुमच्या नावाने मेल पाठवू शकतो. म्हणून व्हीपीएसवर होस्ट नेटवर्क (कंटेनरला मशीनचंच नेटवर्क) वापरा आणि यादीत लोकलहोस्ट व दारव्ह्याचा एकच पत्ता ठेवा.

अनबाउंड काऊन? गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसवरून विचारलं तर स्पॅमहाउस (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी) १२७.२५५.२५५.२५४ असं, म्हणजे ‘इथून विचारू नका’ असं उत्तर देतो. ते स्पॅम धरलं तर चांगले मेल अडतील. सोडून दिलं तर गाळणीच नाही.

पऱ्हाटी

राजेहो, व्हीपीएस दोन घेतले, चाचणी करून राहिलो. छोटे मेल येतात. सातबाऱ्याचं ३ एमबीचं पीडीएफ रांगेतच. लॉगमध्ये ‘टाइम्ड आउट व्हाइल सेंडिंग मेसेज बॉडी’. दुसरं, लाइट येऊन तास झाला तरी जुने मेल येत नाहीत.

वखर

पहिलं एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं. वायरगार्ड सहसा १४२० धरतो. रेडिओ-लिंकवर मधे कुठेतरी तेवढी जागा नसते. हॅलो-हॅलो छोट्या पॅकेटात होतं, मोठं पॅकेट अडतं. न तोडण्याची खूण लावून १३९२ बाइटचं पिंग मारा. टनेलच्या पलीकडून उत्तर आलं नाही तर हेच. दोन्ही टोकांना आणि दारव्ह्याच्या डॉकर नेटवर्कला १२८० करा.

दुसरं: पोस्टफिक्स अपयशागणिक थांबण्याचा वेळ वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतो, म्हणजे तासाहून जास्त. कमाल ९०० करा. दारव्ह्याचं मशीन चालू होताच दोन्ही व्हीपीएसवर ‘पोस्टक्यू -एफ’ (रांग लगेच पुन्हा पाठवा) चालेल अशी एक स्क्रिप्टही ठेवा.

तिफण

एक भर. टनेलच जुळत नसेल तर मदरबोर्डवरची चपटी बॅटरी बघा, सीआर२०३२. जुन्या डेस्कटॉपमध्ये ती मेलेली असते आणि लाइट गेली की घड्याळ मागे जातं. वायरगार्ड हस्तांदोलनात वेळ पाठवतो. आधीच्यापेक्षा जुनी वेळ आली की पलीकडचा ती जुन्याची नक्कल समजून गुपचूप टाकून देतो. लॉगमध्ये काहीच दिसत नाही. बॅटरी बदला आणि घड्याळ जुळल्यावरच टनेल उठेल असं सिस्टमडीत (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा) लावा. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) मात्र टनेलमधून नेऊ नका, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट पाहत बसतील.

दिग्रस-पुसदच्या डब्यांचं काय, तर रात्री रेस्टिकने (बॅकअपचं साधन) दारव्ह्याच्या मेलचा बॅकअप तिकडे न्या. आणि यूपीएस यूएसबीची वायर असलेलाच घ्या. घरगुती इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याचं मशीनला सांगत नाही.