डीपीएफला हात लावू नका
इसुझू व्ही-क्रॉस पिकअपचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून सरळ पाइप टाकायचा आणि ताकद वाढवायला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रिमॅप करायचा (त्याची सेटिंग बदलायची), असं तुम्ही म्हणालात. कृपया नको. १.९ लिटरचं बीएस६ इंजिन मुळातच १६३ पीएस ताकद आणि ३६० एनएम टॉर्क देतं. टर्बो डिझेलची ताकद वाढते ती जास्त हवा आणि जास्त डिझेल यांतून. नुसता सायलेन्सर बदलला तर आवाजच वाढतो. रिमॅप करायचाच असेल तर आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज बसवा. घाटात माल घेऊन चढताना डिझेल जास्त पडलं की काजळी साचते, तापमान चढतं, टर्बो आणि पिस्टन भाजतात. गिअरबॉक्स मॅन्युअल असेल तर वाढलेल्या टॉर्कनं क्लचही घसरतो. गाडीत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आडकाठी आहे ती वेगळीच. तुमच्या गाडीवर किती माल असतो?