इलिऑस्टॉमी असलेल्या बाळाचं वजन वाढत नाही: दूध घट्ट करावं की आधी सोडियम बघावं?

निशिगंध

बाळ दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेलं. एनईसीमुळे (अशा बाळांत आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरतो तो आजार) लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला तुकडा काढावा लागला. पोटावर इलिऑस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं वरचं टोक पोटावर उघडून त्यावर पिशवी लावली आहे, आणि शेजारी म्यूकस फिस्टुला, म्हणजे खालच्या आतड्याचं तोंड. सध्या वजन २६०० ग्रॅम. दर तीन तासांनी ५० मिली आईचं काढलेलं दूध, म्हणजे दिवसाला ४०० मिली. उलटी नाही, पोट मऊ, दूध आवडीने घेतं. पिशवीत चोवीस तासांत ८० ते ८५ मिली पातळ पिवळं जमतं.

मागच्या आठवड्यात वजन जेमतेम ४० ग्रॅम वाढलं. रक्तातलं सोडियम १३६, म्हणजे नॉर्मल. दुधात पावडर घालून कॅलरी वाढवा असं सुचवलं जातंय. आधी तेच करावं का? शिवाय पिशवी रोज गळते आणि स्टोमाभोवतीची (पोटावरच्या त्या तोंडाभोवतीची) कातडी लाल, ओलसर झाली आहे. त्यावर काय करावं?

बालशल्य

पावडरीला हात लावण्याआधी लघवीतलं सोडियम तपासून घ्या. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच कारण दिसतंय.

८५ मिलीला २.६ ने भागलं की किलोमागे जवळपास ३३ मिली येतात. किलोमागे २० मिलीच्या पुढे गेलं की आम्ही सावध होतो आणि ३० च्या पुढे उपाय सुरू करतो. इलिऑस्टॉमीच्या पाण्यात लिटरला साधारण ८० ते १२० मिलीमोल (क्षार मोजायचं एकक) सोडियम असतं. १०० धरलं तर बाळ रोज साडेआठ मिलीमोल गमावतंय. आईच्या दुधात लिटरला सुमारे ७ मिलीमोल, म्हणजे ४०० मिलीतून मिळतात जेमतेम २.८. ही तूट रोजची आहे.

मग रक्तातलं सोडियम नॉर्मल कसं? शरीर पाणी आटवून ते सांभाळून धरतं. अल्डोस्टेरॉन हे सोडियम राखणारं संप्रेरक वाढतं, मूत्रपिंड सोडियमचा कण न् कण अडवून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम सोडतं. म्हणून रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो आणि बाळ मात्र वाढत नाही. सोडियम नसेल तर पोटात गेलेल्या कॅलरीतून ऊती बांधल्याच जात नाहीत. इलिऑस्टॉमीतून बायकार्बोनेटही (आम्ल शमवणारा क्षार) जातं, तेव्हा रक्तातला आम्लाचा समतोलही त्याच वेळी बघून घ्यायला सांगा.

लघवीत सोडियम लिटरला २० मिलीमोलच्या खाली असेल, किंवा पोटॅशियमपेक्षा कमी असेल, तर तूट आहे असं समजा. लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर हा आकडा खोटा वाढतो, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. नमुना घेताना डायपरमध्ये साध्या कापसाचे बोळे ठेवा आणि ते ओले झाले की सिरिंजमध्ये भरून पिळून काढा. जेलवाल्या डायपरमधून पिळलेला नमुना नको. पिशवी गळत असताना घेतलेला नमुना तर अजिबात नको, कारण स्टोमाचं पाणी मिसळलं की रिपोर्ट चुकलाच.

सोडियम सहसा किलोमागे रोज २ ते ४ मिलीमोलपासून सुरू करतात. मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील, पण हिशोब तुम्हालाही कळायला हवा. ३ टक्के सलाइनच्या एका मिलीत सुमारे अर्धा मिलीमोल सोडियम असतं. किलोमागे ३ म्हणजे या बाळाला दिवसाला ७.८ मिलीमोल, म्हणजे साधारण १५ मिली. ते आठ वेळच्या दुधात वाटायचं, दर वेळी २ मिलीच्या आसपास. एकदम दिलं तर उलटी होते आणि पिशवीतलं पाणीही वाढतं.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. घरातलं मीठ दुधात कधीही घालू नका. एक ग्रॅम मिठात १७ मिलीमोल सोडियम असतं, म्हणजे या बाळाची दिवसभराची मात्रा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी भरते. चिमटीने ती मोजता येत नाही आणि चुकली तर बाळाच्या जिवावर बेतते. सलाइनसुद्धा लिहून दिलेलं आणि सिरिंजने मोजलेलंच. बाटलीवरची टक्केवारी दर वेळी वाचा, कारण जास्त तीव्रतेची द्रावणंही मिळतात.

आहारमापन

वरच्या क्रमाशी सहमत, पण पावडर सुचवणाराही पूर्ण चुकलेला नाही. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ६७ किलोकॅलरी धरतात. ४०० मिलीच्या २६८ झाल्या, किलोमागे १०३. अशा बाळांना १२० ते १५० लागू शकतात, कारण बरंच काही न शोषता वाहून जातं. म्हणजे कॅलरीही कमीच पडताहेत. प्रश्न आहे तो आधी काय आणि मग काय याचा.

आता लगेच दूध घट्ट केलं तर त्यातले विरघळलेले कण वाढतील, ते आतड्यात पाणी ओढतील आणि पिशवीतलं पाणी ८५ मिलीच्याही पुढे जाऊ शकतं. पाण्यासोबत आणखी सोडियम जाईल. पावडर घातली आणि वजन उलट घटलं, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. म्हणून आधी सोडियम भरून काढा. पिशवीतलं पाणी किलोमागे ३० च्या खाली स्थिरावलं की १०० मिलीला ७४ किलोकॅलरी करा. निदान दोन दिवस तिथेच थांबा, पाणी मोजा, मगच ८० वर जा. एका वेळी एकच बदल. मात्रा, घट्टपणा आणि औषध तिन्ही एकाच दिवशी बदललं तर बिघाड कशामुळे झाला ते कुणालाच सांगता येणार नाही.

पावडरीआधी फुकटच्या कॅलरी वाया जात नाहीत ना ते बघा. काढलेलं दूध ठेवलं की स्निग्धांश वर येऊन भांड्याच्या कडेला चिकटतो. तो पांढरा थर दिसेल. द्यायच्या आधी भांडं हलक्या हाताने गोल फिरवून तो दुधात मिसळून घ्या. नळीने सावकाश, तासन् तास दूध देत असाल तर नळीतही स्निग्धांश अडकतो. शक्य असेल तर दूध काढताना सुरुवातीचा पातळ भाग वेगळा ठेवा आणि नंतरचं दाट दूध बाळाला द्या.

पातळ जातंय म्हणून वरून साधं पाणी पाजू नका, ग्लुकोजचं पाणी तर नाहीच. दोन्हींतून सोडियम मिळत नाही आणि साखरेने पाणी आणखी वाढतं. झिंकही या पाण्यातून जातं, त्याच्या पूरक मात्रेबद्दल विचारा. इलियमचं (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं) अगदी शेवटचं टोक काढलं आहे का, हे शस्त्रक्रियेच्या कागदात बघून ठेवा. बी१२ जीवनसत्त्व तिथेच शोषलं जातं आणि त्याची कमतरता बऱ्याच उशिरा दिसते.

स्टोमा_सिस्टर

गळती आधी थांबवा, कारण गळत असेल तर वरचे सगळे आकडे कमीच येतात. पिशवीतलं पाणी सिरिंजने ओढून मोजा. गॉजवर किंवा कपड्यावर गेलं असेल तर ओल्या वजनातून कोरं वजन वजा करा, १ ग्रॅमला १ मिली धरा. शू आणि स्टोमाचं पाणी एकाच डायपरमध्ये मिसळू देऊ नका.

रोज गळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे भोकाचं जुनं माप. शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो आणि पिशवी मात्र जुन्याच साच्याने कापली जाते. दर आठवड्याला माप घ्या. भोक स्टोमापेक्षा फक्त १ ते २ मिलीमीटर मोठं हवं. त्याहून मोठं ठेवलं तर उघड्या कातडीवर पाचकरस साचतात, घट्ट झालं तर कडा घासून रक्त येतं. तुमच्या बाळाला शेजारीच म्यूकस फिस्टुला आहे, तेव्हा तो पिशवीच्या आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा हे तुमच्या सिस्टरकडून ठरवून घ्या.

बदलताना:

- दूध पाजण्याच्या थोडं आधी बदला, तेव्हा स्टोमा शांत असतो.
- कातडी कोमट पाण्याने पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. तेल, क्रीम, ओले सुगंधी वाइप्स नकोत, त्यावर काही चिकटत नाही.
- ओलसर जागी स्टोमा पावडर भुरभुरा आणि जास्तीची झटकून टाका. थर जाड राहिला तर पिशवी पावडरीला चिकटते, कातडीला नाही.
- वर अल्कोहोल नसलेला बॅरियर फिल्म (कातडीवर बसणारा पातळ संरक्षक थर) लावा, तो सुकल्यावर पिशवी. चिकटवल्यावर तळहात मिनिटभर ठेवा, उबेने पकड बसते.
- बाळ आडवं असतं, म्हणून पिशवीचं तोंड पायाकडे न ठेवता कुशीकडे तिरकं ठेवा.

एक तृतीयांश भरली की रिकामी करा. रडताना गिळलेली हवाही पिशवी फुगवून उचकटते, तीही सोडत जा.

निशिगंध

मनापासून आभार सगळ्यांचे. भोक खरंच मोठं कापलं जात होतं. लघवीचा रिपोर्ट आला: सोडियम १० पेक्षा कमी, पोटॅशियम ३८. डॉक्टरांनी सोडियम सुरू केलंय. हे किती दिवस द्यावं लागतं? आणि वरच्या स्टोमातलं पाणी खालच्या तोंडातून (म्यूकस फिस्टुलातून) आत सोडतात म्हणे, त्याचा उपयोग होतो का?

बालशल्य

१० च्या खाली म्हणजे तूट मोठी आहे. दोन-तीन दिवसांनी लघवी पुन्हा तपासा आणि सोडियम ३० च्या वर येईपर्यंत डॉक्टर मात्रा वाढवत नेतील. त्यानंतर आठवड्यातून एकदा तपासणी पुरते. सहसा स्टोमा बंद होईपर्यंत सोडियम चालूच ठेवावं लागतं. वजन रोज तोलून घाबरू नका. एकाच काट्यावर, त्याच वेळी, रिकाम्या पिशवीने दिवसाआड तोला. दिवसाला २० ते ३० ग्रॅमची सरासरी हवी. पहिल्या एक-दोन दिवसांतली उडी बरीचशी पाण्याची असते, ती हिशोबात धरू नका.

पाणी खाली सोडण्याचा उपयोग नक्की होतो. खालच्या आतड्याला काम मिळतं, ते सुकत नाही, पाणी आणि सोडियम परत शोषलं जातं. पण आधी खालच्या आतड्यात डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून एक्स-रे काढावाच लागतो. एनईसीनंतर कधी कधी मोठ्या आतड्यात अरुंद झालेला भाग राहून जातो, तशा ठिकाणी पाणी ढकललं तर आतडं फुटू शकतं. पाणी ताजं हवं, मऊ नळीने, तासाला १ मिलीसारख्या वेगाने सुरुवात करून. सुरुवात रुग्णालयातच व्हायला हवी. नळी आत जाताना अडली तर जोर लावायचा नाही.

स्टोमा काळपट किंवा निळा दिसला, पाणी अचानक थांबून पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, टाळू खोल गेली किंवा सहा तास शू झाली नाही, तर सकाळची वाट न बघता बाळाला रुग्णालयात न्या.