मदत हवी आहे: व्हॅक मशीनचं भाडं मेडिक्लेममध्ये मिळतं का?

नमस्कार मंडळी, कोपरखैरण्यात राहतो. बाबांना शुगर आहे, तळपायाची जखम चिघळून ऑपरेशन झालं आणि आता सर्जननी व्हॅक थेरपी लावलीये, म्हणजे जखमेत काळा फोम भरून वरून चिकट फिल्म लावतात आणि नळीने मशीन सतत ओढत राहतं, स्क्रीनवर ओढीचा दाब १२५ दिसतो, डब्यात (कॅनिस्टरमध्ये) लालसर पाणी जमतं. जखम खरंच भरतेय, कडेने गुलाबी मांस दिसायला लागलंय, त्यामुळे थांबवायचं नाही हे नक्की.

अडचण बिलाची. हॉस्पिटलमधलं कॅशलेस झालं पण फोम आणि कॅनिस्टर कन्झ्युमेबल (वापरून टाकायच्या वस्तू) म्हणून टीपीएने, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेने, कापले. आता मशीन घरी भाड्याने आणलंय, फोम दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो आणि टीपीएवाले फोनवर सांगतात घरचं भाडं मिळणार नाही. अहो पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस कव्हर लिहिलेत, मग डॉक्टरांनीच लिहून दिलेली ट्रीटमेंट त्यात का नाही? कुठल्या कलमाखाली नकार देताय ते लेखी द्या म्हणून मेल टाकलाय.

कोणी असं भाडं पास करून घेतलंय का? डॉक्टरांच्या पत्रात नेमकं काय लिहून घेतलंत? भाड्याचं बिल पेशंटच्याच नावाने लागतं का? कंपनीने ऐकलं नाही तर महिन्यानंतर विमा ओम्बड्समनकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल) जाणार, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, पण ठाणे-नवी मुंबईतलं कोणी गेलं असेल तर प्लीज अनुभव सांगा. आणि वाशी-नेरुळकडे फोम वाजवी दरात देणारं सर्जिकलचं दुकान माहीत असेल तर तेही कळवा.