अपिलात मुलीला पुन्हा साक्ष द्यावी लागते का?

'हायकोर्टात अपील गेलं की मुलीला पुन्हा पिंजऱ्यात उभं करतात,' असं बलात्काराच्या खटल्यांबद्दल एका ताईंनी लिहिलंय. ताई, सहसा तसं होत नाही. मी मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात फौजदारी अपिलांचं काम करते. गेल्या पावसाळ्यात एक आई निकालाची झेरॉक्स पदराखाली धरून आली होती, तिनेही आधी हेच विचारलं.

अपील चालतं खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डवर: जबाब, उलटतपासणी, वैद्यकीय अहवाल. नवी साक्ष अगदी क्वचित. पण न्यायमूर्ती सगळा पुरावा नव्याने तोलतात, म्हणून खाली नोंदलेलं एकेक वाक्य महत्त्वाचं. पीडितेची एकटीची साक्ष विश्वासार्ह असली तर दुजोरा लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ साली गुरमीत सिंग खटल्यात स्पष्ट केलंय.

खरी काळजी घ्या ती शिक्षा स्थगितीच्या अर्जाची, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवून जामिनावर सोडा, असा दोषी ठरलेला आरोपी करतो त्या अर्जाची. ज्या गुन्ह्यात दोषी ठरवलंय त्याला कायद्यात किमान दहा वर्षं किंवा त्याहून मोठी शिक्षा असेल तर आरोपीला सोडण्याआधी सरकारी वकिलांना लेखी विरोधाची संधी द्यावीच लागते. त्या आईला मी म्हटलं, मावशी, आजच सरकारी वकिलांकडे जा, अपिलाचा नंबर द्या, तारीख लिहून घ्या. ती झेरॉक्सच्याच पाठीवर लिहून घेऊन गेली.