बास्केटबॉल आफ्रिका लीगचा पहिला हंगाम (2021): कोणते सामने पाहावेत?

मध्यरेषा

नमस्कार. अनेक वर्षे एनबीए ही अमेरिकी बास्केटबॉल लीग पाहत आलो असलो, तरी बास्केटबॉल आफ्रिका लीगचे आजवर केवळ नावच ऐकून होतो. मे 2021 मध्ये रवांडाच्या किगालीत झालेला तिचा पहिला हंगाम आता नीट पाहावा असे मनात आहे. एकूण सामने 26 झाले, आणि नोकरी सांभाळून ते सगळे पाहणे मला जमणार नाही. तेव्हा जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. निवडक सामने पाहायचे झाल्यास कोणते पाहावेत? आणि बारा देशांचे बारा क्लब दोन आठवडे एकाच सभागृहात खेळले, तर त्या स्पर्धेला लीग का म्हणायचे? निकाल आधी कळले तरी माझी हरकत नाही.

कोपऱ्यातला तीन गुणी

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते कळले की निवड सोपी होते. एनबीए आणि फिबा (बास्केटबॉलची जागतिक संघटना) यांनी 2019 मध्ये लीगची घोषणा केली, तेव्हा साखळी सामने खंडातल्या सहा शहरांत फिरते ठेवून केवळ अखेरचा टप्पा किगालीत घ्यावा, असा बेत होता. 13 मार्च 2020 रोजी डाकारला पडदा उघडायचा होता. पण कोरोनामुळे ते सारे मार्चच्या आरंभीच, एनबीएने आपला हंगाम थांबवण्याच्याही आधी, पुढे ढकलले गेले. अखेर 16 ते 30 मे 2021 या काळात सगळे संघ किगाली अरीनात, बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क न ठेवता, खेळले. चार-चार संघांचे तीन गट होते. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे दोन सरस संघ बाद फेरीत गेले. रचना स्पर्धेची झाली, हे मान्यच आहे. संघबांधणीचे नियम मात्र लीगचेच राहिले. तेरा जणांच्या संघात किमान नऊ खेळाडू क्लबच्या स्वतःच्या देशाचे हवे होते, बाहेरचे जास्तीत जास्त चार, आणि त्यांतही आफ्रिकेबाहेरचे दोनच. माझ्या मते या हंगामाची सगळी गोम या नियमात आहे. बाहेरून आणलेले दोन गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाली रचणारे खेळाडू) थकले किंवा फाउल वाढून बाहेर जाण्याच्या बेतात आले, की बाकावरून कोण उठते, यावर संघांची खरी पारख झाली.

म्हणून विखुरलेले सामने न निवडता एकच संघ धरावा आणि पंधरवडाभर त्याच्या मागे जावे, असे सुचवतो. माझी निवड यजमान रवांडाच्या पॅट्रियट्सची. त्यांचे सामने सहाच झाले. उद्घाटनाला त्यांनी नायजेरियाच्या रिव्हर्स हूपर्सना 83-60 असे हरवले, उपांत्यपूर्व फेरीत मोझांबिकच्या फेरोव्हियारियोवर 73-71 अशी निसटती मात केली, आणि पुढच्याच फेरीत ट्युनिशियाच्या मोनास्टिरने त्यांचा 87-46 असा धुव्वा उडवला. मोनास्टिर साखळीत त्यांच्याच गटात होता, त्यामुळे समोरचा संघ काही नवखा नव्हता. तिसऱ्या क्रमांकासाठीही अंगोलाच्या पेत्रो दे लुआंडाकडून ते 97-68 असे हरले. घरचे मैदान असलेला संघ नेमका कुठे कमी पडतो, ते या सहा सामन्यांत पायरीपायरीने दिसत जाते.

पाचवा फाउल

पराभवाची चिकित्सा आवडणाऱ्यांसाठी हा सल्ला उत्तम आहे. पण पहिल्यांदाच पाहणाऱ्याला 41 गुणांच्या हाराकिरीपाशी नेऊन ठेवणे मला पटत नाही. एकच संघ धरावा हे मान्य, पण तो कैरोचा झामालेक असावा. सहा सामने, सहा विजय. बाद फेरीत कॅमेरूनच्या एफएपीवर 82-53, पेत्रोवर 89-71 आणि अंतिम सामन्यात मोनास्टिरवर 76-63.

मध्यरेषा, आपण एनबीए पाहता म्हणून एक सावधगिरीची सूचना. 76-63 हा गुणफलक पाहून सामना रटाळ असेल असे समजू नये. येथे फिबाचे नियम चालतात, त्यामुळे खेळ 48 ऐवजी 40 मिनिटांचा असतो. त्या हिशेबाने झामालेकचे 76 गुण एनबीएच्या वेळेत 91 च्या आसपास भरतील. त्याहून महत्त्वाची गोष्ट पेंटमधली, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनातली, आहे. एनबीएत बचाव करणाऱ्याला कोणाला जवळून न अडवता रिंगखाली तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही. फिबात बचावावर असे बंधनच नाही. शिवाय चेंडू एकदा रिंगला लागला की तो रिंगवर असतानाच बाहेर टोलवण्याची मुभा आहे. झामालेकचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, अनस महमूद हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, तो या दोन्ही सवलती कशा वापरतो ते पाहावे: समोरचा गार्ड आत घुसला, की महमूद आधीपासूनच तेथे उभा असतो आणि गार्डला घाईने चेंडू बाहेर द्यावा लागतो. सर्वोत्तम खेळाडूचा मान गार्ड वॉल्टर हॉजला मिळाला, तो योग्यच होता. पण पहिल्या खेपेस चेंडूवरची नजर काढून महमूदच्या पायांवर ठेवावी.

मध्यरेषा

दोघांचेही आभार. फिबाच्या नियमाची बाब माझ्या लक्षातच आली नसती. मग रॅपर जे. कोल खेळला ते सामने आणि सर्वाधिक गुण करणाऱ्याचे सामने वगळले तर चालतील का?

कोपऱ्यातला तीन गुणी

जे. कोल पॅट्रियट्सकडूनच खेळला. तीन सामन्यांत मिळून 5 गुण करून बाद फेरीपूर्वी तो परतलाही. जगभरच्या बातम्यांत लीगचे नाव त्याच्यामुळे गाजले, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे, पण एखाद्या स्थानिक राखीव खेळाडूची तेवढी मिनिटे गेली, याची रुखरुख मला आजही आहे. उद्घाटनाच्या सामन्यात तो दिसेलच, तेवढे पुरे.

सर्वाधिक गुणांचे म्हणाल, तर मोरोक्कोच्या एएस सालेचा अमेरिकी गार्ड टेरेल स्टॉग्लिन याची सरासरी तिसांच्या वर होती. त्याचा पेत्रोविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना जरूर पाहावा, कारण एकट्याच्या खांद्यावरचा संघ त्या फेरीपुढे गेला नाही. माझ्या पॅट्रियट्सचा हट्ट मात्र मी सोडत नाही; निदान 73-71 चा सामना वगळू नये.

पाचवा फाउल

त्या सामन्यापुरती तडजोड मान्य आहे. तेव्हा मध्यरेषा, क्रम असा ठेवावा: आधी उद्घाटनाचा सामना, मग साले विरुद्ध पेत्रो, मग तो 73-71 चा सामना, आणि त्यानंतर झामालेकचे बाद फेरीतले तिन्ही सामने ओळीने. उद्घाटनाचा सामना पाहताना शेवटच्या क्वार्टरमध्ये कंटाळून उठू नये. निकाल ठरल्यासारखा वाटला तरी साखळीत गुणफरक मोजला जात होता, आणि एक विजय मिळवूनही रिव्हर्स हूपर्स पुढे त्यातच अडकून बाहेर पडले.

झेलाझेली

वरच्या यादीत भर घालण्यासारखे थोडेच आहे. मोनास्टिर आवडला, तर त्याच वर्षी त्याच किगाली अरीनात झालेली आफ्रोबास्केट ही राष्ट्रीय संघांची स्पर्धा पाहावी. ती ट्युनिशियाने जिंकली आणि मोनास्टिरचाच मकरम बेन रोमधान तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीगचे 2022 चे विजेतेपदही मोनास्टिरनेच पेत्रोला हरवून मिळवले, त्यामुळे 2021 चा अंतिम सामना पाहताना हरणाऱ्या बाजूकडेही लक्ष असू द्यावे.